कडब्यापासून किलोवॅटपर्यंत



धारवाडहून कित्तूरच्या दिशेने निघाले की महामार्गालगत बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. शिल्पांसाठी सर्वत्र प्रसिद्ध असलेले बेलूर ते हासन जिल्ह्यातले. आपले हे बेलूर बसगाड्यांचे आणि यंत्रांच्या सुट्या भागांचे. टाटा मोटर्स आणि ब्राझीलची मार्कोपोलो या कंपन्यांनी २००६ मध्ये भागीदारी करून येथे बसबांधणीचा उद्योग आणला. पुढे परदेशी भागीदार बाहेर पडला, कारखाना राहिला. वसाहतीच्या कुंपणापलीकडे लगेच शेते सुरू होतात आणि शेतांत विहिरी, कूपनलिका व त्यांवरचे विजेचे पंप दिसतात. कुंपणाच्या आत विजेच्या प्रत्येक युनिटचा हिशेब ठेवला जातो, कारण त्याचे पैसे मोजावे लागतात. कुंपणाबाहेरच्या पंपाला तीच वीज विनामूल्य मिळते व तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही. माणसे एकाच मातीतली, पुष्कळदा एकाच घरातली. थोरला भाऊ शेत पाहतो आणि धाकटा कारखान्यात जातो. मग एकाच घरात विजेविषयी दोन रीती कशा नांदतात, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

मराठीच्या अध्यापकाने या विषयात पडावे याचे कोणास नवल वाटेल. पण प्रश्नाची सुरुवात एका शब्दापासूनच होते. ‘काटकसर’ हा शब्द आपण माणसाच्या स्वभावासाठी वापरतो. अमुक गृहिणी काटकसरी, तमुक मुलगा उधळ्या. त्यामुळे ऊर्जेची बचत म्हटली की आपल्याला उपदेश आठवतो : दिवे मालवा, नळ बंद करा. हा उपदेश चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. कमी दिव्यांत कमी वाचणे ही कंजुषी झाली; तेवढ्याच विजेत अधिक वाचता येणे ही कार्यक्षमता. आणि आपल्या प्रदेशाचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, ही कार्यक्षमता लोकांच्या स्वभावातून फारशी येत नाही. वाचवलेले ज्याच्या पदरात पडते तो वाचवतो. ते दुसऱ्याच्या पदरात जात असेल तर शहाणा माणूसही वाचवीत नाही.

विजेआधी आपल्याकडे यंत्र होते ते बैल, आणि त्या यंत्राचे इंधन होते कडबा. हे रूपक म्हणून मी सांगत नाही. विहिरीवरच्या मोटेचा विचार करा. धाव, नाडा, सोल, थारोळे हे शब्द आजच्या मुलांना कोशातच सापडतील; पण धाव विहिरीकडून खाली उतरती का असे, हे समजून घेण्यासारखे आहे. भरलेली मोट ओढताना बैल उताराने चालत आणि त्यांच्या अंगाचे वजन ओढीच्या कामी येई. रिकामी मोट सोडताना त्यांना चढावर मागे यावे लागे, पण तेव्हा ओझे नसे. कोण्या अनामिक पूर्वजाने हा हिशेब मांडला, त्याला अश्वशक्ती हा शब्द ठाऊक नव्हता. बैलाचे बळ स्वतःचे, वैरण स्वतःच्या रानातली. तेव्हा ते वाया जाऊ न देण्यात शेतकऱ्याचाच लाभ होता.

हे इंधन संपले म्हणजे काय होते, ते १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दाखवले. त्या दुष्काळात विजापूर, कलादगी, धारवाड हा टापू होरपळून निघाला. माणसांच्या मृत्यूंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण अर्थव्यवहाराच्या दृष्टीने दुसरी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गुरे वैरणीवाचून मेली की पुढच्या वर्षी पाऊस पडूनही नांगर ओढण्यास कोणी नसते. ऊर्जेचा आघात दुष्काळाबरोबर ओसरत नाही. तो पुढील हंगामांत उतरतो. स्थिर वाढ हे शब्द आज अर्थशास्त्रज्ञांच्या तोंडी असतात. त्यांचा आपल्या भागातला पहिला अर्थ एवढाच होता : कडब्याची गंजी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरणे.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे पाहावे. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले, पण रंगांधळेपणामुळे ती वाट बंद झाली. यांत्रिक रेखाटनाकडे वळून त्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत अध्यापन केले आणि पुढे बेळगावात येऊन सायकलींच्या दुकानातून कारखानदारीकडे वळले. त्यांच्या लोखंडी नांगराची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. नांगराच्या या कथेमुळे त्यांचे आरंभीचे दुसरे उत्पादन मात्र झाकोळले. ते होते कडबा कापण्याचे यंत्र.

मला या यंत्राचे महत्त्व नांगरापेक्षा कमी वाटत नाही. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला तर जनावर पाला आणि शेंडा खाते, बुडखा पायाखाली तुडवते. बारीक कुट्टी करून घातली तर बरेच काही पोटात जाते. म्हणजे तेवढ्याच गंजीत बैल अधिक दिवस निघतो. आजच्या परिभाषेत याला ऊर्जा-कार्यक्षमतेचे साधनच म्हणावे लागेल. अशी योजना राबवण्यास सरकार लागले नाही आणि अनुदानही लागले नाही. वाचलेली पेंढी ज्याची, त्यानेच यंत्र विकत घेतले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली, त्याच साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याच्या वार्तापत्रातून मराठीतले एक मोठे मासिक जन्मास यावे, हा आमच्या शास्त्राच्या दृष्टीने मोठाच योग, पण तो आजचा विषय नव्हे. विसाच्या दशकात पंप आले, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, पुण्यात तेलइंजिनांचा व बंगळूरला विद्युत मोटारींचा कारखाना सुरू झाला. मोट हळूहळू विहिरीवरून उतरली.

विजेचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला. गोकाकजवळ घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. त्या पाण्याच्या बळावर १८८७ मध्ये सूतगिरणी चालू झाली. १९०२ मध्ये शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, १९१५ मध्ये खोपोलीची मुंबईच्या गिरण्यांना. १९४८ मध्ये जोगचे वीजगृह सुरू झाले, साठीच्या दशकात कोयना आणि शरावती. या सर्व नावांत एक गोष्ट समान आहे : पाणी. रायचूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८५ मध्ये चालू झाला. तोवर कर्नाटकाने स्वतः निर्माण केलेली वीज जवळजवळ सर्वस्वी पावसावर अवलंबून होती. याचा परिणाम असा की, मलनाडात पाऊस कमी झाला तर हुबळी-धारवाडची यंत्रे थांबत. शेती पावसावर असते हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. लेथही पावसावर असतो हे आपण सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत शिकलो. त्या काळातील वीजकपात येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कारखानदार डिझेलचे जनित्र आणीत. पण १९७३ च्या अखेरीपासून काही महिन्यांतच खनिज तेल पिंपामागे सुमारे ३ डॉलरांवरून १२ डॉलरांच्या घरात गेले होते; तेव्हा तीही वाट सुरक्षित नव्हती. तेलाच्या आयातीचे ओझे १९९० च्या आखाती संकटाने पुन्हा वाढवले आणि १९९१ मध्ये देशाला परकीय चलनासाठी सोने गहाण टाकावे लागले. त्यामागे इतर कारणेही होती, पण तेल हे त्यांतले एक होते.

यावर सर्वांचे उत्तर एकच असे : आणखी वीज निर्माण करा. राज्यासाठी नव्या प्रकल्पांचा एक प्रचंड दीर्घकालीन आराखडा १९८७ मध्ये तयार झाला. त्याला वेगळे उत्तर दिले ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्रश्नच बदलला होता. वीज किती लागेल, असे न विचारता लोकांना कोणती कामे हवीत आणि ती कमीत कमी विजेत कशी होतील, असे त्यांनी विचारले. उजेड हवा, पाणी हवे, गरम अन्न हवे; वीज कोणालाही नुसती वीज म्हणून नको असते. चांगले दिवे, चांगले पंप, पाणी तापवण्यास ऊन अशी मांडणी करून त्यांनी दाखवले की, प्रत्येक घरी वीज पोचवूनही सरकारी अंदाजाच्या निम्म्याहून कमी विजेत राज्याचे भागेल. मी या विषयातला जाणकार नाही. पण प्रश्नाचे क्रियापद बदलल्याने उत्तर केवढे बदलते, याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आता पंपाकडे येऊ, कारण या कथेचे मर्म तेथे आहे.

हजार लिटर पाणी ३० मीटर वर उचलण्यास निसर्गाच्या नियमाप्रमाणे सुमारे ०.०८ युनिट वीज लागते. यापेक्षा कमी लागणे शक्य नाही. पंप, मोटार आणि नळ्या मिळून २५ टक्के कार्यक्षम असतील तर तेवढ्याच पाण्याला ०.३३ युनिट लागते; ५० टक्के असतील तर ०.१६. आपल्या शेतांवरील पंपांची मोजणी जेथे जेथे झाली तेथे जुने पंप बहुधा २० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान आढळले. म्हणजे चारांतली तीन युनिटे उष्णतेत आणि खडखडाटात जातात. गुजरातेत प्रा. एस. एम. पटेल यांनी ऐंशीच्या दशकात दाखवून दिले की, नुसता फूटव्हॉल्व आणि नळ्या बदलल्या तरी मोठी बचत होते. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेचे गिरीश संत यांनी नव्वदीच्या दशकात या प्रश्नाचा पाठपुरावा केला. २०१२ मध्ये ते अकाली गेले. म्हणजे विद्या उपलब्ध होती. मग शेतकऱ्याने ती का उचलली नाही?

त्याचे कारण अज्ञान नव्हे. ऐंशीच्या दशकापर्यंत पंपाचे वीजबिल बऱ्याच राज्यांत मीटरवरून काढून अश्वशक्तीवर आणले गेले. कर्नाटकात २००८ पासून १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. तेव्हा युनिट वाचवून शेतकऱ्याच्या हाती काही येत नाही. उलट त्याची खरी चिंता निराळी असते : वीज येते मोजके तास, बहुधा रात्री, आणि येते तीही कमी दाबाने. अशा दाबावर कारखान्याने नेमकी बांधलेली मोटार जळते. मग तो गावातल्या वाइंडिंगवाल्याकडे जातो. तो जाड तार भरतो, मोटार दणकट होते, जळत नाही. मात्र वीज अधिक खाते. अश्वशक्तीवर बिल असे तेव्हा पाटीवर ३ आणि पोटात ५ असेही पंप विकले जात. त्यात आणखी एक चतुराई म्हणजे ऑटोस्विच. रात्री दोन वाजता वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा आणि झोपमोड टळावी यासाठी तो बसवतात. एकट्याने बसवला तर तो सोयीचा. पण एका डीपीवरच्या तीसही जणांनी बसवला की वीज येताच तीस मोटारी एका क्षणी उचल घेतात, दाब कोसळतो आणि डीपी जळते. मग आठ-आठ दिवस अंधार, आणि नवी मोटार भरताना तार आणखी जाड.

यातला प्रत्येक निर्णय त्या त्या माणसापुरता शहाणपणाचा आहे. ज्या कुळवाड्याचा आजा कडब्याची काडी फुकट जाऊ देत नव्हता, त्याचाच नातू चौपट वीज जाळतो. स्वभाव बदलला नाही, हिशेब बदलला. शेतकऱ्याला उधळा म्हणणाऱ्या शहरी लेखांचा मला म्हणूनच विषाद वाटतो. त्या विजेचे पैसे अनुदानरूपाने सरकारच्या तिजोरीतून जातात; तेवढे शाळांना, दवाखान्यांना, रस्त्यांना मिळत नाहीत. ते अनुदान वेळेवर न मिळाले की वीजकंपनी तारा आणि डीपी दुरुस्त करण्यात मागे पडते, आणि पुन्हा दाब कमी होतो.

हे शेतीपुरतेच आहे असे मानू नये. साखर कारखान्यांचे पाहा. उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, हे त्यांचे घरचे इंधन. उगार खुर्दचा शुगर वर्क्स १९३९ पासूनचा. आपल्या सीमाभागातील या व इतर कारखान्यांकडे बगॅस गरजेहून अधिक असे. वीज विकत घेणारा कोणी नव्हता, तेव्हा कमी दाबाचे जुने बाष्पक चालवून बगॅस संपवण्यातच सोय होती. कार्यक्षम बाष्पक बसवला तर उरलेला चोथा ठेवावयाचा कोठे? नव्वदीच्या दशकापासून वीजमंडळे ही वीज ठरलेल्या दराने घेऊ लागली, आणि त्याच साखर कारखान्यांनी उच्च दाबाचे बाष्पक आणून तेवढ्याच चोथ्यातून घरचे भागवून बाहेर वीज देण्यास आरंभ केला. त्यासाठी कोणी त्यांना काटकसरीवर कीर्तन ऐकवले नव्हते.

दिव्यांचेही तसेच. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. पण एलईडी दिवा घरोघर गेला तो सरकारने घाऊक खरेदी करून भाव उतरवल्यावर. २०१४ च्या आरंभी या खरेदीत ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. मोठ्या कारखान्यांसाठी २०१२ पासून बचतीचे लक्ष्य ठरवून दिले गेले आणि लक्ष्यापलीकडची बचत विकता येईल अशी सोय झाली. पहिल्या फेरीत ४७८ उद्योग होते. ठरवलेल्यापेक्षा अधिक बचत झाली.

पंपाच्या बाबतीतही प्रयत्न झाले, आणि ते आपल्या मराठी मुलखाशी निगडित आहेत. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे हे दामाजीपंतांचे गाव. तेथे २०१० च्या आसपास ब्यूरोच्या पहिल्या प्रायोगिक योजनेत दोन हजारांवर जुने पंप काढून नवे कार्यक्षम पंप बसवण्यात आले. त्यानंतर हुबळी वीजपुरवठा कंपनीच्या, म्हणजे हेस्कॉमच्या क्षेत्रात निपाणी आणि ब्याडगी येथे तसाच प्रयोग झाला. सुमारे सहाशे पंप बदलले गेले आणि विजेची एक तृतीयांशाहून अधिक बचत दिसून आली. निपाणी तंबाखूची, ब्याडगी मिरचीची. येथली व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. शेतकऱ्याने पंपाचे पैसे भरावयाचे नाहीत. पैसे एका सरकारी कंपनीने घालावयाचे आणि वाचलेल्या विजेतून वीजकंपनीने ते फेडावयाचे. शेतकऱ्याच्या पदरात पडावयाचा तो नवा पंप आणि काही वर्षांची फुकट दुरुस्ती.

येथवर ठीक. पण मला एक शंका आहे आणि ती मी लपवू इच्छित नाही. १८६५ मध्ये विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने लिहून ठेवले की, वाफेचे इंजिन सुधारल्याने कोळसा कमी जळत नाही, उलट अधिक जळतो, कारण इंजिन स्वस्त पडते आणि अधिक ठिकाणी लागते. पंपाला हे लागू पडते. चांगला पंप तेवढ्याच तासांत अधिक पाणी उपसतो. वीज फुकट, पाणीही फुकट. मग ऊस का लावू नये? भूजल खाली जाते, पुढच्या वर्षी तेच पाणी ४० मीटरांवरून उचलावे लागते आणि पंपाने वाचवलेली वीज खोलीने खाऊन टाकली जाते. सौरपंपानेही हा प्रश्न सुटत नाही. ऊन तर विजेहून फुकट. सौरपंपाचा एक लाभ मात्र खरा आहे : पंप वाईट असेल तर पत्रे अधिक लागतात आणि तो खर्च डोळ्यांना दिसतो.

तेव्हा बचतीचा वाटा रोख रूपाने शेतकऱ्याच्या हातात गेला पाहिजे, असे मला वाटते. पंजाबने २०१८ मध्ये अशी एक योजना सुरू केली. तेथेही पंपाची वीज मोफतच आहे. ज्या शेतकऱ्याने स्वखुशीने मीटर बसवून घेतले त्याला विजेचा ठराविक वाटा देण्यात आला, आणि त्यातून तो जितकी युनिटे वाचवील त्या प्रत्येकामागे ४ रुपये त्याच्या खात्यात जमा करण्याचे ठरले. मोफत विजेचा हक्क काढला नाही. ती न वापरण्याला किंमत आणली. वीज वाचली की पाणीही जमिनीत राहते, म्हणजे जेव्हन्सच्या आक्षेपालाही काही उत्तर मिळते.

हा प्रयोग हेस्कॉमच्या एखाद्या फीडरवर करून पाहण्यास फार मोठे भांडवल लागणार नाही. डीपीवर एक मीटर, प्रत्येक पंपावर एक मीटर, पंपाला कपॅसिटर, ऑटोस्विचच्या जागी पाळीपाळीने पंप सुरू करण्याचा गावकऱ्यांचा आपसांतला करार, आणि हंगामाच्या शेवटी चावडीवर सर्वांदेखत वाचलेला हिशेब. या शाळेचे माजी विद्यार्थी वीजकंपनीत आहेत, बेलूरच्या कारखान्यांत आहेत, आणि शेतावरही आहेत. मीटर वाचता येणारे, मोटार भरता येणारे आणि ज्यांच्या रानात विहीर आहे असे तिघेही आज या सभागृहात असतील. धारवाड तालुक्यातला एक फीडर कोणता निवडावा, हे त्यांनी आपसांत बसून ठरवावे.